सौंसरमधला साहित्याचा तास

मी शाळेत मराठी शिकवत होते तोवर मला पोरांची भीती कधी वाटली नाही, साहेबांची वाटली नाही, तपासणीचीही नाही. भीती काय असते ते मला कळलं शाळा सोडल्यावर, एका घराच्या पुढच्या खोलीत दोन-तीन मुलांना कथा शिकवताना.

ते घर सौंसरला होतं. आमच्याच चर्चच्या मंडळीतलं कुटुंब. नवरा शेतातल्या सोलर पंपांची दुरुस्ती करायचा, बायको एका खाजगी दवाखान्यात नर्स. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा या दोघांनी मुलांना घरी शिकवायला सुरुवात केली, आणि शाळा उघडल्यावरही परत पाठवलंच नाही. मुलांनी घरात शिकावं, प्रार्थनेत वाढावं, परीक्षा ओपन बोर्डाची द्यावी, असं त्यांनी ठरवलं होतं. गणित बापाला जमायचं, विज्ञान आईला. मराठी दोघांनाही जमेना. उपासनेनंतर चर्चच्या ओट्यावर दोघं माझ्यासमोर उभे राहिले. "मॅडम, तुम्ही या ना. पोरं नुसती प्रश्नोत्तरं पाठ करून राहिली."

मी हो म्हटलं. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात आम्ही दोघंच, दुपारी दोघांनाही करण्यासारखं काही नसायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी पांढुर्ण्याहून बसने सौंसरला जाऊ लागले.

मुलगी सोळाची, मुलगा तिच्याहून लहान. मुलगी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची. मुलगा हळवा, गोष्टीत कुणाला मार बसला की त्याचे डोळे भरायचे. तास सुरू करण्याआधी आम्ही डोळे मिटून छोटी प्रार्थना करायचो. मग वाचन.

बापाशी माझा सुरुवातीला खटका उडाला. त्याला वाटायचं, प्रत्येक कथेतून देवाची एक शिकवण काढून मुलांच्या हातात द्यावी. "कथेत देव कुठे आहे ते सांगत जा, मॅडम," तो म्हणाला.

"भाऊ, आधी त्यांना कथेतला माणूस दिसू द्या," मी म्हटलं. "देवाने घडवलेला माणूस आहे म्हणून वाचायचा. तो पापी असला तरी त्याचं ऐकून घ्यायचं, मग बोलायचं. मला एवढंच शिकवता येतं."

पुढच्या तासाला तो दाराशी खुर्ची टाकून ऐकत राहिला, आणि त्यानंतर कधी काही बोलला नाही.

असं वर्ष गेलं. मग जवळच्या रामाकोना गावातली मुलगी आली.

तिची आई दवाखान्यात आमच्या नर्सताईंकडे तिला दाखवायला आणायची. मुलीला फिट यायची. संत्र्याचा बगीचा आणि थोडा कापूस असलेलं शेतकरी घर, हिंदू, चांगलं खाऊनपिऊन. शाळेत मुलगी प्रार्थनेच्या रांगेत पडली. त्यानंतर पोरं तिला चिडवायला लागली, आणि तिने शाळेचं नावच टाकलं. घरी बसून बाहेरून बारावी करत होती. नर्सताईंनी तिच्या आईला माझ्या तासाबद्दल सांगितलं, आणि एका शुक्रवारी दोघी मायलेकी दारात येऊन उभ्या राहिल्या.

मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हाच. मुलगी मला फार आवडली. उंच, खाली पाहणारी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. पण गावोगाव काय चाललंय ते मी वाचत होते, ऐकत होते. कुठे प्रार्थनासभा बंद पाडली, कुठे घरात शिरून विचारणा झाली. आणि इथे मी, ख्रिस्ती बाई, ख्रिस्ती घरात, एका हिंदू शेतकऱ्याच्या अल्पवयीन मुलीला बसवून घेणार. मी तिच्या आईला स्पष्ट सांगितलं, "ताई, आम्ही तासाआधी प्रार्थना करतो. तुम्हाला चालणार नाही."

"करा नं," ती म्हणाली. "आमच्या घरी बी सकाळ-संध्याकाळ दिवा लावतो. ते पोट्टीले शिकवा फक्त."

"तिच्या वडिलांनी स्वतः येऊन सांगावं लागेल."

वडील आले. कमी बोलणारा माणूस. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मले सगळं माहीत आहे, मॅडम. शिकवा." एवढंच. तरी मी नियम केला: ती प्रार्थना झाल्यानंतरच आत येईल. लवकर आलीच तर अंगणात बसेल. मुलीने तो नियम निमूटपणे पाळला. कधी कधी आम्ही डोळे उघडायचो तेव्हा ती जाळीच्या दाराबाहेर चपला हातात घेऊन उभी असायची, आणि मला कसंतरी व्हायचं. माणूस प्रार्थना करतो आणि एका लेकराला बाहेर उभं ठेवतो. पण भीतीपुढे माझं काही चाललं नाही.

ती काय वाचक होती! आम्ही एक कथा वाचत होतो. दुष्काळात एक माणूस आपल्या विहिरीला कुलूप लावतो, आणि त्याची बायको रोज पहाटे ते चोरून उघडून शेजारच्या बायकांना पाणी देते. आमची सौंसरची मुलगी म्हणाली, ही चोरी आहे. भाऊ म्हणाला, नाही, ही दया आहे. दोघांची जुंपली. मी रामाकोन्याच्या मुलीकडे पाहिलं.

तिने पान मागे उलटून पाहिलं. "मॅडम, ज्यानं कुलूप लावलं, त्याले कशाचा भेव वाटत होता?"

इतकी वर्षं मी ती कथा शिकवली होती, आणि त्या माणसाला भीती वाटत असेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी त्याला कंजूस म्हणून मोकळी झाले होते.

नाताळ जवळ आला होता. रस्त्यावर संत्र्याच्या गाड्या लागलेल्या, बसमध्येही सालींचा वास. त्या मंगळवारी नर्सताई ड्युटीवर होत्या, नवरा कुठल्याशा शेतात पंपावर. घरात मी आणि तिघं मुलं. रामाकोन्याची मुलगी मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता ती एका शब्दावर अडली. तोच शब्द परत म्हणाली, परत म्हणाली, आणि खुर्चीसकट आडवी झाली.

नर्सताईंनी आम्हाला सगळं शिकवून ठेवलं होतं. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, कुशीवर वळवायचं. सौंसरच्या मुलीने टेबल ओढून बाजूला केलं आणि आपली ओढणी घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवली. मी गुडघ्यावर बसून तिला कुशीवर केलं, कपाळावर हात ठेवला. तिचे दात करकर वाजत होते. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. एकदम तोही माझ्या शेजारी गुडघ्यावर आला आणि मोठमोठ्याने प्रार्थना करू लागला. "प्रभू येशू, हिला बरं कर, प्रभू येशू, हिला बरं कर." रडत होता, ओरडत होता. मला त्याला थांबवायचं सुचलं नाही. मीही आतल्या आत तेच म्हणत होते.

मी मान वर केली तेव्हा खिडकीत एक मोबाइल दिसला.

माणूस नीट दिसला नाही. हात आणि मोबाइल. शेजारच्या घरातला कुणीतरी, खुर्ची पडल्याचा आवाज ऐकून आला असावा. मला ओरडून सांगायचं होतं, अहो, आत या, मदत करा, पोरीला फिट आलीय. मोबाइल काही वेळ तसाच राहिला आणि मग गेला.

मुलगी शुद्धीवर आली तेव्हा पहिलं वाक्य बोलली, "मी काही वाईट बोलली काय?" नाही म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आम्ही फोन केल्यावर तिचे आईवडील मोटारसायकलवर आले आणि तिला मध्ये बसवून घेऊन गेले. मी खिडकीचं त्यांना काहीच सांगितलं नाही. मलाच वाटत होतं की नसेलही काही.

संध्याकाळी पांढुर्ण्याला आमच्या घरी हे मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. "ही तूच ना?"

मी होते. पडद्यावर माझी पाठ, माझा हात मुलीच्या कपाळावर, मुलीचे पाय झटके खाताहेत, आणि मुलाचा आवाज. व्हिडिओला सुरुवात नव्हती. खुर्ची पडताना दिसत नव्हती, ओढणीची घडी दिसत नव्हती. खाली लिहिलं होतं: सौंसरमध्ये भूत उतरवण्याच्या नावावर हिंदू मुलीचं धर्मांतर. ह्यांना तो पांढुर्ण्यातल्याच एका ओळखीच्याने पाठवला होता. म्हणजे तो पुष्कळ फिरून आला होता.

गॅसवरची भाजी करपली, आणि ते मला वासावरूनसुद्धा कळलं नाही. ह्यांनी गॅस बंद केला, पुढचं दार लावलं, मग खिडक्या लावल्या. थंडीचे दिवस, खिडक्या तशाही लागलेल्या असतात. पण त्या दिवशी प्रत्येक कडीचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

सकाळी सौंसरच्या ठाण्यातून फोन आला. जबाब द्यायला या. नर्सताईंचाही फोन आला. आवाज दबलेला. "मॅडम, घरापुढे लोक जमले आहेत. पोरं मागच्या खोलीत आहेत. काय करू?" मला काय माहीत काय करायचं? मी म्हटलं, "दार उघडू नका." म्हटल्यावर वाटलं, हे बरोबर सांगितलं की चूक?

साडीला पिना लावता येईनात. ह्यांनी लावून दिल्या. जन्मात पहिल्यांदा. माझ्या गळ्यातल्या साखळीकडे पाहून म्हणाले, "ठेवून जातेस का घरी?" साखळीत लहानसा क्रूस आहे, लग्नात सासूबाईंनी घातलेला. मी नाही म्हटलं, पण पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला.

बसमध्ये मागच्या सीटवर दोन माणसं मोबाइलवर काहीतरी पाहत होती. मला सारखं वाटे, तेच पाहताहेत. मान वळवायची हिंमत झाली नाही.

ठाण्यात बाकावर आम्हाला बसवलं. नर्सताई आणि त्यांचे पती आधीच येऊन बसले होते. पोलीस आमच्याशी सभ्यपणे वागले, हे सांगायला हवं. पाणी दिलं. साहेबांनी विचारलं, मी जमेल तसं सांगितलं. सांगताना मला माझंच खोटं वाटू लागलं. मी शब्दांवर पोट भरलेली बाई, आणि एक सरळ वाक्य मला पुरं करता येईना. साहेब म्हणाले, "मुलीचे घरचे येऊ द्या."

ती वाट पाहणं मी विसरणार नाही. मला कळत होतं की आता सगळं त्या कमी बोलणाऱ्या माणसाच्या हातात आहे. तो जर म्हणाला, आम्हाला प्रार्थनेचं माहीत नव्हतं, तर संपलं. आणि तो तसं म्हणाला तर मी त्याला दोष तरी कसा देणार? त्याला गावात राहायचं आहे, उद्या या पोरीचं लग्न करायचं आहे. बाहेर मोटारसायकली येऊन थांबत होत्या. प्रत्येक मोटारसायकल थांबली की मी दाराकडे पाहायचे. कुणीतरी बाहेर घोषणा दिली, ती एकदाच. मग नुसता लोकांचा आवाज.

ते आले. आई, वडील, मुलगी, आणि वडिलांचा थोरला भाऊ, पांढऱ्या टोपीतला भारी माणूस. आत शिरताच थोरला म्हणाला, "आमची पोट्टी तिथं जातच कायले होती? मले कोणी विचारलं?" मुलीचे वडील खाली पाहत राहिले.

साहेबांनी एका महिला पोलिसाला बोलावून मुलीच्या शेजारी बसवलं आणि मुलीलाच विचारलं, "बेटा, काय झालं ते तू सांग."

ओढणी बोटाला गुंडाळत ती बोलायला लागली. खाली पाहत, पण थांबली नाही. "मले फिट आली होती. शाळेत आली होती तवा सगळे दूर पळाले. एकानं मले चप्पल हुंगवली. माह्या नाकाले लागली होती. इथं उठली तं मी कुशीवर होती, मॅडमचा हात कपाळावर. डोक्याखाली नर्सताईच्या पोरीची ओढणी होती. माह्या अंगावर चादर होती."

"त्यांनी प्रार्थना केली?"

"केली असन. मले ऐकू नाही आलं. मी बेहोश होती, साहेब."

महिला पोलिसाने तोंडावर हात धरला. हसू लपवत असावी. मला हसू आलं नाही. मी वडिलांकडे पाहत होते.

त्यांनी मान वर केली. "मीच पाठवतो तिले. मॅडमनं आमाले आधीच सांगितलं होतं, आम्ही प्रार्थना करतो म्हणून. माह्या पोरीले त्यायनं बाहेर उभं ठेवलं, पण प्रार्थनेत कधी बसवलं नाही." मग भावाकडे वळून, "दादा, तुमाले सांगितलं नाही, हे माहं चुकलं."

थोरल्याने टोपी काढली, परत घातली.

जबाब झाले, सह्या झाल्या. गुन्हा दाखल झाला नाही. निघताना साहेब मला म्हणाले, "मॅडम, जरा जपून राहा." त्यांनी ते चांगुलपणानेच म्हटलं. पण परतीच्या बसमध्ये मला सगळ्यात जास्त भीती त्याच वाक्याची वाटली. कशापासून जपायचं, आणि कसं? पोरीला कुशीवर करायचं नव्हतं का?

त्या वर्षी आमच्या मंडळीने घरोघर जाऊन नाताळची गाणी म्हणायचा बेत रद्द केला. चर्चच्या पाळकसाहेबांनी कारण थंडीचं दिलं. सौंसरच्या कुटुंबाला घरमालकाने घर सोडायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता, त्यालाही लोक येऊन बोलून गेले होते. ते छिंदवाड्याला नर्सताईंच्या बहिणीकडे गेले. निरोप घेताना मुलगा माझ्याशी बोलेना. आईने सांगितलं, त्याला वाटतं की आपण मोठ्याने प्रार्थना केली म्हणून हे सगळं झालं. मी त्याला जवळ घेतलं. "तू देवाला हाक मारली. मी पण मारत होते, फक्त तुला ऐकू आली नाही." त्याला ते पटलं की नाही माहीत नाही.

मी शिकवणं सोडलं. पुस्तकं कपाटात गेली. दुपारी दाराची बेल वाजली की मी आधी ह्यांना पाठवायचे. मोबाइलवर अनोळखी नंबर आला की तो वाजून वाजून थांबेपर्यंत बघत बसायचे.

नवीन वर्ष लागल्यावर तसाच एक नंबर परत परत आला. ह्यांनी उचलला आणि माझ्या हातात दिला. मुलीचे वडील होते. "मॅडम, पोट्टीचा मराठीचा पेपर आहे. आमच्या घरी येऊन शिकवान काय? अंगणात बसा. ज्याले पाहायचं असन तो पाहीन."

मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा फोनवर मुलगी आली आणि म्हणाली, "मॅडम, एक धडा तरी." मी रात्रभर जागी राहिले आणि सकाळी ह्यांना सांगितलं, मी जाते. "मी येऊ?" त्यांनी विचारलं. या म्हटलं.

रामाकोन्याला त्यांच्या अंगणात बाज टाकलेली होती, आणि बाजेवर थोरले बसलेले. पांढरी टोपी. ते उठले नाहीत, या म्हणाले नाहीत. मुलगी आणि मी चटईवर बसलो. मी धडा वाचायला लागले तेव्हा माझा आवाज मलाच पातळ वाटला. सगळा वेळ ते माझ्याकडे पाहत होते. राखण करताहेत की पाळत ठेवताहेत, मला कळेना. कुंपणाबाहेरून जाणारे येणारे मान वळवून पाहायचे. ते थोरल्यांना पाहायचे आणि पुढे जायचे.

असे बरेच तास झाले. थोरले प्रत्येक वेळी बाजेवर. एकदा ह्यांना बरं नव्हतं, मी एकटीच गेले होते. तास संपला आणि मी निघाले, तर ते माझ्या मागे चालत आले. रस्त्यापर्यंत एक शब्द नाही. मी पदर धरून भरभर चालत होते, मनात प्रार्थना. थांब्यावर ते थोडं अंतर ठेवून उभे राहिले. बस दिसली तेव्हा बोलले, "ही बस शुक्रवारी लवकर येते. जरा आधी निघत जा." आणि बस सुटेपर्यंत तिथेच उभे होते.

एका दुपारी ते बाजारात गेले होते, अंगणात आम्ही दोघीच होतो. मुलगी पुस्तकात बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, तुम्ही आता तासाआधी प्रार्थना नाही करत काय?"

"मनात करते."

"माह्यासाठी बी?"

उत्तर देण्याआधी मी कुंपणाकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तरी मी नुसती मान हलवली. ती पुढे वाचायला लागली.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. आता बाहेरून बीए करते, औषध बदलल्यापासून फिट क्वचित येते. छिंदवाड्याच्या दोघांना मी मोबाइलवर शिकवते. मुलगा हल्ली पुन्हा बोलायला लागला आहे, मात्र घरात कुणी पाहुणा असला तर प्रार्थना हळू करतो. भीती गेली का, असं ह्यांनी मला परवा विचारलं. गेली नाही. सौंसरच्या त्या गल्लीसमोरून बस जाते तेव्हा मी अजून दुसरीकडे पाहते. पण शुक्रवारी मी रामाकोन्याला उतरते, मुलीचा तास घेते, आणि परतीला जरा आधी निघते.